बादलीतली अंबाडी

मी बिनमातीची शेती शिकलो ती गांजावाल्यांकडून. हे वाक्य घरात मोठ्यानं बोलायची मला बंदी आहे, कारण बायको शाळेत शिकवते आणि आमच्या अपार्टमेंटच्या भिंती पातळ आहेत. पण खरं ते खरं. पाइपात रोप लावायचं, बादलीतलं पाणी पंपानं फिरवायचं आणि खत त्या पाण्यातच विरघळवायचं, एवढी साधी गोष्ट नीट समजावून सांगणारी जी माणसं मला इंटरनेटवर सापडली, ती सगळी कुठल्या तरी थंड देशातली, लोकरीची टोपी घातलेली आणि अर्धे डोळे मिटलेली होती. तिकडं त्यांना परवानगी आहे. आपल्याकडं एक रोप लावलं तरी जामिनाची मारामार. ते आपल्या झाडांबद्दल इतक्या मायेनं बोलायचे की तेवढ्या मायेनं आमच्या ऑफिसात कुणी माणसांबद्दलही बोलत नाही. मी एकच युक्ती केली. ते सांगतील ते सगळं ऐकायचं आणि मनातल्या मनात गांजाच्या जागी अंबाडी ठेवायची.

अंबाडी, कारण अप्पांना अंबाडी खायची होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकून आमचं गाव आहे. जन्मभर त्यांनी तिथं ज्वारी, तूर आणि पुढं सोयाबीन केलं. आई गेल्यावरही ते एकटेच राहत होते आणि झकास राहत होते. गेल्या तुरीच्या हंगामात एका सकाळी ते शेतात पाय मुरगळून पडले, खुब्याला मार बसला. तुरी डोक्याच्या वर गेलेल्या. बांधावरून बघणाऱ्याला आत पडलेला माणूस दिसेना. सकाळी पडलेले अप्पा थेट दुपारी सापडले, तेही शेळ्या वळायला आलेल्या एका बाईला. मी त्यांना लातूरला आणलं, शेत चुलतभावाला बटईनं दिलं आणि जाहीर करून टाकलं की आता गावात एकटं राहणं बंद. पुढच्या वेळी ती बाई त्या वाटेनं आली नाही तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

अप्पा म्हणाले, "हाव." त्यांचं हाव म्हणजे होकार नसतो, ऐकल्याची पोच असते, हे मला पन्नाशी जवळ आली तरी कळलेलं नव्हतं.

मी नोकरीला नांदेडला. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचं आणि शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं, हे माझं वर्षानुवर्षांचं वेळापत्रक. नांदेडला गोदावरी आहे, तिथल्या माझ्या खोलीत नळ वाहायचा कधी थांबत नाही. लातूरच्या घरात नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा पाळतात. बायको सकाळी शाळेत गेली की दुपारपर्यंत अप्पा तिसऱ्या मजल्यावर एकटे. टीव्ही त्यांना आवडत नाही. "सगळी भांडायलीत," म्हणायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं. धोतर, सदरा आणि भस्माची डबी घातलेली त्यांची कापडी पिशवी दाराजवळच्या खुंटीला कायम भरलेली लटकत असायची. दर शुक्रवारी घरात शिरलो की मी आधी ती खुंटी बघायचो. पिशवी आहे म्हणजे अप्पा आहेत, पण पिशवी भरलेली आहे म्हणजे अप्पा निघालेले आहेत. ते टिकतील की जातील, एवढाच प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात होता. बाकीचे प्रश्न त्याच्या मागं रांगेत उभे होते.

एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "कवळी अंबाडी आसती, तर कण्या खाल्ल्या आसत्या."

मी बाजारातून तीन जुड्या आणल्या. अप्पांनी एक पान चावून बघितलं आणि ते दोरखंडाच्या कामाला बरं आहे असं सांगितलं. कुंडीत लावावी म्हटलं तर आमच्या सोसायटीत माती निषिद्ध. पूर्वी कुणीतरी गच्चीवर कुंड्या ठेवल्या आणि स्लॅब गळला, तेव्हापासून अध्यक्षांनी माती दिसली की नोटीस लावायचा सपाटा चालवलाय. नियम वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मातीला बंदी आहे, झाडाला नाही. मला असले शोध लागले की बायकोच्या कपाळाला आठी पडते, पण त्या दिवशी मी कुणाचं ऐकणार नव्हतो.

चार इंची पाइप आणला, त्याला भोकं पाडली. चहाच्या प्लॅस्टिक कपांना तापल्या खिळ्यानं छिद्रं केली, त्यात नारळाचा भुसा भरला आणि बी पेरलं. रंगाची मोठी बादली घासूनपुसून खाली ठेवली, तिच्यात माशांच्या टाकीचा पंप सोडला. दक्षिणेकडच्या गॅलरीच्या जाळीला पाइप बांधले आणि वर एक एलईडी ट्यूब लावली. पहिल्यांदा पंप सुरू केला तेव्हा पाणी पाइपातून न जाता थेट खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्यांवर गेलं. ते प्रकरण बायकोनं निस्तरलं. कसं, ते तिनं मला सांगितलेलं नाही.

अप्पा खुर्चीत बसून सगळा तमाशा बघत होते. "मातीबिगर," एवढंच ते म्हणाले, पण ते ज्या सुरात म्हणाले त्यात माझं सगळं शिक्षण निघालं.

संध्याकाळी मी टोपीवाल्यांचा व्हिडिओ बघत होतो, तर ते मागं येऊन उभे.

"काय बगायलास?"

"शेतीचं आहे, अप्पा."

"पीक कशाचं हाय?"

"परदेशी अंबाडी," मी ठोकून दिलं. पान तसं असतंही. अंबाडी वयात आली की तिचं पान पंज्यासारखं फाकतं, लांबून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही.

अप्पांनी चष्मा वर केला, पडद्यावर नाक टेकेल इतके वाकले. "लेका, मला येडं समजायलास व्हय? गांजा हाय ह्यो. म्हादेवाच्या जत्रंला बैरागी यायचे, त्यांच्या झोळीत लई बगितलाय." मग पुन्हा वाकले. "पर बुंधा काय धरलाय! मातीबिगर?"

तिथून त्यांचा सूर बदलला. दर शनिवारी-रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्या टोपीवाल्यांसमोर बसू लागलो. मी भाषांतर करायचो, ते शेरे मारायचे. टोपीवाल्यांना त्यांच्या एका जातीचा फार अभिमान होता. बाकीची झाडं दिवस लहान होईपर्यंत फुलायची थांबतात, ही जात थांबत नाही, ठरलेलं वय झालं की आपोआप फुलते. मी हे मोठं ज्ञान अप्पांना ऐकवलं. ते म्हणाले, "अंबाडी तशी न्हाई. दिस बारीक झाल्याबिगर ती फुलावर येत न्हाई. तिला रातीचं माप कळतंय. तुझी ती ट्यूब लई येळ चालू ठेव, पाला खाशील." मी महिनाभर इंग्रजीत जे वाचत होतो ते त्यांनी विडा लावता लावता सांगितलं होतं. मला जरासा रागच आला.

रोपं उगवली आणि अप्पा कामाला लागले. मी नांदेडला असल्यामुळं रोजची मापं घेणं त्यांच्याकडं आलं. पाण्याचा आंबटपणा मोजायची पेनासारखी मशीन मी आणली होती. तिच्यावर येणाऱ्या आकड्याला शेतकी भाषेत सामू म्हणतात, आणि माती तपासणीमुळं तो शब्द अप्पांना माझ्या आधीपासून ठाऊक होता. सहाच्या आसपास ठेवायचा, वर गेला की चिमूटभर लिंबूफूल टाकायचं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी फोन लावायचो.

"अप्पा, सामू?"

"सहा. आन त्याच्या म्होरं दोन."

"पाणी?"

"बोटाची दोन पेरं कमी हाय."

"मुळं?"

"पांढरीधोट. म्हातारीच्या केसावानी."

आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो. पूर्वी फोन म्हणजे 'जेवलास का', 'जेवलो', 'ठेवू का', एवढाच. आता अप्पा मला थांबवून सांगायचे, की तिसऱ्या पाइपातलं शेवटचं रोप रुसून राहिलंय, त्याला उन्हाकडं सरकवलंय. गॅलरीत जायचं झालं की ते सुनेला सांगायचे, "पोरी, मी शेताकडं जाऊन येतो." एका बुधवारी बायकोचा मला नांदेडला मेसेज आला. खुंटीवरची पिशवी रिकामी होऊन कपाटात गेली आहे, एवढाच. मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही.

आणि मग श्रावणात अंबाडी पिवळी पडायला लागली.

आधी कोवळ्या पानांच्या शिरांमधली जागा फिकी झाली, मग पान कागदासारखं दिसायला लागलं. शुक्रवारी मी यायचो, शनिवारी बादलीतलं सगळं पाणी बदलायचो, नवं खत घालायचो, सामू सहावर आणायचो. रविवारी रोपं बरी दिसायची. मी सोमवारी जायचो आणि मंगळवारी फोनवर अप्पा खालच्या आवाजात सांगायचे, "सात दावायलंय." बुधवारी साडेसात. गुरुवारी आठाला टेकलेला. अप्पा लिंबूफूल टाकायचे, तो दिवसभर खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. मंगळवारी पाण्याला नासल्यासारखा वासही यायचा.

माझा स्वभाव असा की मला दोषी माणूस सापडल्याशिवाय झोप लागत नाही. आधी मी बोअरच्या पाण्याला धरलं. मग खतवाल्याशी दुकानात जाऊन भांडलो, त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि शांतपणे ऐकून घेतलं, त्यामुळं आणखी चिडलो. मग मशीन खोटी म्हणून दुसरी आणली, तीही तेच आकडे दाखवायला लागली. टोपीवाल्यांना लिहून विचारलं. त्यांच्यातल्या एकानं उत्तर पाठवलं, 'भावा, पाण्यात काहीतरी जातंय.' मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर पाण्यात काय जाणार?

तिसऱ्या श्रावणी सोमवारी मला ताप होता म्हणून मी नांदेडला गेलो नाही. पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीत पडलो होतो. अप्पांची पूजा चालली होती. आम्ही लिंगायत. अप्पा रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतात, त्याला पाणी घालतात, भस्म लावतात, बेल वाहतात. श्रावणात सोमवारी दूध. तीर्थ घेऊन झालं की पूजेचं उरलेलं पाणी तांब्यात राहतं, आणि त्या पाण्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. हे मी लहानपणापासून बघत आलोय, म्हणजे न बघता आलोय.

अप्पा उठले, तांब्या घेऊन गॅलरीत गेले, बादलीचं झाकण काढलं आणि तांब्या हळूहळू आत रिकामा केला. दुधामुळं पांढरट झालेलं, राखेचं पाणी. वरून त्यांनी डबीतली चिमूटभर विभूती टाकली आणि हात जोडले.

मी तापात उठलो. काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आठवू नये असं वाटत असूनही आठवतं. पंधरा-वीस दिवस मी सगळ्या लातूरशी भांडतोय आणि तुम्ही रोज त्यात राख कालवताय, म्हणालो. राख आहे ती, सामू वर नेते, मुळं जाळते.

"झाडं आजारी हायती म्हणून जरा जास्त घातली," अप्पा म्हणाले. "वांग्यावर मावा पडला की आपण राखच टाकतो की."

"ते तुमचं शेत नाही, अप्पा! कळत नाही तर हात लावू नका ना! देवाचं पाणी ओतायला दुसरी जागा नाही सापडली का तुम्हाला?"

अप्पांनी तांब्या तिथंच गॅलरीत पालथा घातला आणि आत जाऊन बसले. बायको शाळेला निघाली होती, ती दारात थांबली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि गेली. मी ताप असतानाही बादली रिकामी केली, पाइप धुतले. काम बरोबर केल्याचं समाधान होतं मला त्या वेळी. लाज वाटायला अजून एक दिवस लागला.

मंगळवारी ताप उतरला, मी नांदेडला गेलो. दुपारी बायकोचा फोन आला. किल्ली शेजारी ठेवलेली, कपाटातली पिशवी नाही, अप्पा नाहीत. चुलतभावाला विचारलं तर ते गावाला पोचले होते, एसटीनं निलंगा आणि तिथून जीपनं.

"केलंच ना शेवटी त्यांनी मनासारखं," मी म्हणालो.

"अहो, काल तुम्ही विचारलंत ना, की दुसरी जागा नाही सापडली का?" बायको म्हणाली. "नाही सापडली त्यांना."

मग तिनं सांगितलं. लातूरला आल्यापासून अप्पा रोज तो तांब्या घेऊन तीन जिने उतरायचे. खुब्याचं दुखणं घेऊन, कठड्याला धरून, एकेक पायरी. फाटकाजवळच्या लिंबाच्या बुंध्याशी पाणी घालायचे आणि तसेच वर यायचे. उन्हाळ्यात सोसायटीनं अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवले, ते थेट लिंबाच्या खोडापर्यंत. पाणी घातलं की ब्लॉकवरून वाहून वाटेवर यायचं, लोकांच्या चपला त्यातून जायच्या. दोन दिवस अप्पांनी ते बघितलं आणि खाली जाणं सोडलं. तिला वाटलं पाय दुखतोय म्हणून सोडलं असेल. नंतर गॅलरीत बादली आली.

"तुम्हाला माहीत होतं का हे, जिन्यांचं?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. माझ्याकडं बादलीतल्या पाण्याचं रोजचं माप होतं.

बुधवारी मी रजा टाकली आणि निघालो. लातूरला बस बदलली, निलंग्याला जीप मिळाली. वाटभर मी मनात भाषण तयार करत होतो. त्यात डॉक्टर काय म्हणाले होते ते होतं, त्या शेळ्या वळणाऱ्या बाईचा उल्लेख होता, शेवटी माफीचं एक वाक्य होतं, तेही जरा आडवळणाचं. घरासमोर अप्पा पोत्यावर बसून मुगाच्या शेंगा फोडत होते. मला बघून त्यांनी पोत्यावर सरकून जागा केली.

"च्या घेतो का?"

भाषण तिथंच संपलं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "अप्पा, चुकलं माझं." इतकं सरळ मी त्यांना आयुष्यात कधी म्हणालो नव्हतो.

"तापात व्हतास तू," अप्पा म्हणाले आणि माझ्या पुढ्यात शेंगा ढकलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पूजा झाली. मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि मागं मागं शेतात गेलो. सोयाबीनच्या ओळींमधून, ओल्या काळ्या मातीत पाय रुतवत, पाच मिनिटांच्या वाटेला आम्हाला वीस मिनिटं लागली. शेताच्या टोकाला बेलाचं झाड आहे. आमच्यात पुरतात, आणि आई त्या बेलाच्या सावलीत आहे. अप्पांनी पाणी बुंध्याशी घातलं. कोरड्या पडलेल्या कोपऱ्यावर थोडं जास्त घातलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

आई गेल्यापासून पंधरा वर्षं रोज सकाळी हा माणूस इथं येत होता. मी त्याला उचलून तिसऱ्या मजल्यावर ठेवला आणि विचारलं कधी नाही. म्हणून मग विचारलं.

"अप्पा, तुम्हाला कुठं राहायचंय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी विचारला असावा. "मला इचारायलास व्हय?"

"हो."

ते बेलाकडं वळले. मला वाटलं, आता म्हणतील हितंच, आणि मला तोंड वर करून काही बोलता येणार नाही.

"हितंच राहायचंय," ते म्हणाले. "पर हितं मला भ्या वाटतं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"त्या दिशी पडलो तवा आधी तुझ्या चुलतभावाला हाका मारल्या. मग कुणालाबी मारल्या. मग आवाज बसला. तुझ्या आईला मारली, तिला तर हितनं ऐकू यायला पायजे व्हतं." ते थोडं हसले. "परवा आलो, दोन राती झाल्या. डोळ्याला डोळा न्हाई. कुणाला सांगावं? म्हातारा भ्यालाय म्हून?"

अप्पांना भीती वाटू शकते हे मला कधी सुचलंच नव्हतं. ज्याच्यासाठी मी भीत होतो तो स्वतः भीत होता, आणि आम्ही दोघंही आठ महिने ते एकमेकांपासून लपवत होतो. मला हुंदका आला. अप्पांनी तिकडं तोंड फिरवलं, म्हणजे मला सोयीचं जावं.

तोडगा त्यांनीच काढला, परतताना, अगदी व्यवहाराच्या सुरात. पूजेचं पाणी काही नासत नाही. सोमवारचं दूध वेगळं काढून स्वतः प्यायचं. पाच दिवसांचं पाणी साठवायचं आणि शनिवारी इथं आणून घालायचं. शनिवार-रविवार इथं राहायचं, "तू आसलास तर," आणि बाकी दिवस लातूर. "एसटी हाय की," ते म्हणाले. "मला तर तिकीटबी अर्धंच."

लातूरला आल्यावर बायकोनं तेलाचा पाच लिटरचा कॅन सोड्यानं धुऊन दिला. तो खुंटीला टांगला. पूजा झाली की अप्पा तांब्या त्यात रिता करतात आणि बूच लावतात. बादलीत आता खताशिवाय काही जात नाही, सामू सहावरून हलत नाही, आणि अंबाडीनं पंधरा दिवसांत नवी हिरवी पानं काढली. पहिली जुडी खुडून बायकोनं ज्वारीच्या कण्यांबरोबर केली, वर लसणाची फोडणी. अप्पांनी दोनदा घेतली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आंबट हाय," ते म्हणाले. "चव मातूर मातीचीच." आणि तिसऱ्यांदा ताट पुढं केलं.

पहिल्या शनिवारी आम्ही निलंग्याच्या बसमध्ये बसलो तेव्हा कॅन अप्पांच्या मांडीवर होता. खाली ठेवायला ते तयार नव्हते, पायांजवळ चालत नाही. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "काका, तेल हाय का? सांडल हां."

"पाणी हाय."

कंडक्टरचा पंच हातातच राहिला. "लातूरहून पाणी न्यायलेत? गावाकडं?" त्यानं मागच्या बाकांनाही ऐकू जाईल असं विचारलं. सगळी बस हसली. लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं तेही इथल्या लोकांनी बघितलंय, लातूरमधून पाणी बाहेर नेणारा माणूस मात्र त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. अप्पाही हसले. कॅन त्यांनी आणखी जवळ धरला.

गावाला उतरून आम्ही थेट शेतात गेलो. कॅन माझ्याकडं, काठी त्यांच्याकडं. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं आणि ओळींत पाऊल कुठं पडतंय ते दिसत नव्हतं. बांधाशी अप्पा थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्यापुढं केला. मी लहान असताना याच बांधावर ते पुढं चालायचे आणि मी मागून पळायचो, त्यांनी कधी हात दिला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. तो हात मी धरला. खरखरीत होता. बेलापर्यंत त्यांनी तो सोडला नाही.